दिनविशेषाची तारीख कोणती धरायची? तिथी, छ, सुहूर सन आणि जुनी-नवी तारीख

मोडीवाचक

दिनविशेषाच्या याद्यांमध्ये एकच घटना दोन तारखांना सापडते आणि खाली लगेच भांडण जुंपते की कोणती खरी. बहुतेक वेळा दोन्ही खऱ्या असतात. पोर्तुगीजांनी वसई सोडली ती तारीख कुठे १२ मे १७३९ मिळेल, कुठे २३ मे १७३९. औरंगजेबाचा मृत्यू कुठे २० फेब्रुवारी १७०७, कुठे ३ मार्च १७०७. दोन्ही जोड्यांत फरक बरोबर अकरा दिवसांचा आहे. दिवस तोच, कॅलेंडर वेगळे.

म्हणून एक सूचना. या धाग्यावर नोंद टाकताना नुसती इंग्रजी तारीख टाकू नये. मूळ कागदात जे असेल ते (तिथी, शक, संवत्सर, छ म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख, सन) जसेच्या तसे द्यावे, वार असेल तर तो द्यावाच, मग रूपांतरित तारीख, आणि ती जुनी म्हणजे ज्युलियन की नवी म्हणजे ग्रेगोरियन हे शेजारी लिहावे. हे शेवटचे एक अक्षर लिहायचा कंटाळा केल्यामुळेच निम्मे वाद होतात.

शकाचे इसवी सन करताना होणारी चूक आधी सांगतो. ७८ मिळवायचे हे सगळ्यांना पाठ असते, पण ते चैत्रापासून ३१ डिसेंबरपर्यंतच. १ जानेवारी ते फाल्गुन अखेर ७९ मिळवावे लागतात. म्हणजे माघ-फाल्गुनाला नेहमी ७९, आणि पौषाला दोन्ही शक्य, कारण पौष डिसेंबर-जानेवारीवर पसरतो. मार्गशीर्षाचा शेवटही कधी कधी जानेवारीत जातो. फाल्गुन वद्य ३ शके १५५१ ला ७८ मिळवून १६२९ लिहिलेले आजही दिसते. ते १६३० हवे.

घटिका

जुन्या-नव्याचा हिशोब एकदा नीट मांडून ठेवू, पुन्हा पुन्हा विचारला जातो.

नवी पद्धत १५८२ मध्ये आली. गुरुवार ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी शुक्रवार १५ ऑक्टोबर धरला गेला. तारखा दहा गळल्या, पण वारांची साखळी तुटली नाही. हे लक्षात ठेवा, पुढे वारावरूनच सगळे पकडता येते.

फरक असा: १५८२ ते फेब्रुवारी १७०० पर्यंत १० दिवस, तिथून १८०० पर्यंत ११, १९०० पर्यंत १२, आणि २१०० पर्यंत १३. तो बदलतो कारण १७००, १८००, १९०० ही वर्षे जुन्या पद्धतीत लीप आहेत, नव्यात नाहीत. २९ फेब्रुवारी १७०० हा दिवस जुन्या पद्धतीत होता, नव्या पद्धतीत नव्हताच. राजाराम महाराजांचे निधन मार्च १७०० च्या अगदी सुरुवातीचे आहे, म्हणजे या सांध्यावरचे. तिथे दहा मिळवले की चूक, अकरा हवेत.

आता कोणता कागद कोणत्या पद्धतीचा? पोर्तुगीज कागद १५८० च्या दशकापासून नवे. डच कंपनीचे कागदही नवे. इंग्रजांचे मात्र २ सप्टेंबर १७५२ पर्यंत जुने. त्या बुधवारच्या दुसऱ्या दिवशी गुरुवार १४ सप्टेंबर झाला. त्यामुळे सतराव्या शतकातली एकच घटना गोव्याच्या पत्रात आणि सुरतेच्या इंग्रज वखारीच्या पत्रात दहा दिवसांच्या अंतराने येते.

इंग्रजी कागदात आणखी एक खाच आहे. १७५२ पूर्वी त्यांचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. सुरतेची पहिली लूट जानेवारी १६६४ ची, पण त्या काळच्या इंग्रजी पत्रावर वर्ष १६६३ असते. कधी १६६३/६४ असे दुहेरी लिहितात, तेव्हा गोंधळ नाही. एकेरी असेल आणि तारीख १ जानेवारी ते २४ मार्च यांच्या मध्ये असेल तर वर्षात एक मिळवा.

सातची बाकी

वार काढायची तोंडी रीत देतो. कागद-पेन्सिल पुरते, आणि जुनी-नवी दोन्हींना चालते.

वर्षाचे शेवटचे दोन अंक घ्या. त्यात त्यांचाच चौथा भाग मिळवा, अपूर्णांक सोडून. त्यात दिवस मिळवा. मग महिन्याचा अंक: जानेवारी १, फेब्रुवारी ४, मार्च ४, एप्रिल ०, मे २, जून ५, जुलै ०, ऑगस्ट ३, सप्टेंबर ६, ऑक्टोबर १, नोव्हेंबर ४, डिसेंबर ६. शेवटी शतकाचा अंक. जुन्या पद्धतीत १६०० च्या वर्षांना २ आणि १७०० च्या वर्षांना १. नव्या पद्धतीत १६०० ला ६, १७०० ला ४, १८०० ला २, १९०० ला ०, २००० ला ६. बेरजेला सातने भागा. बाकी १ म्हणजे रविवार, २ सोमवार, असे करत ६ शुक्रवार, ० शनिवार. लीप वर्षाच्या जानेवारी-फेब्रुवारीत बेरजेतून एक वजा करायचा. चुकते ते नेमके इथेच.

अफझलखान वध, १० नोव्हेंबर १६५९: ५९ + १४ + १० + ४ + २ = ८९, बाकी ५, गुरुवार. मार्गशीर्ष शुद्ध ७ शके १५८१ ला गुरुवारच आहे. नव्या पद्धतीने तोच दिवस २० नोव्हेंबर: ५९ + १४ + २० + ४ + ६ = १०३, बाकी पुन्हा ५. तोच वार. दोन्हीकडे एकच वार आला की दहा दिवसांचे रूपांतर बरोबर झाले असे समजा.

लीप वर्षाचे उदाहरण सुरतेचेच घेऊ. ६ जानेवारी १६६४ जुनी: ६४ + १६ + ६ + १ + २ = ८९, लीप वर्षाचा जानेवारी म्हणून ८८, बाकी ४, बुधवार.

मोडीवाचक

याच रीतीने शिवजन्माची तारीख पाहा. जेधे शकावलीत (जेधे घराण्याकडच्या कालक्रमवार नोंदींत) शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य ३, शुक्रवार, नक्षत्र हस्त, अशी नोंद आहे. ही शकावली लोकमान्य टिळकांनी प्रसिद्ध केली, आणि तोवर प्रचलित असलेल्या शके १५४९ ला त्यामुळे आव्हान मिळाले.

१९ फेब्रुवारी १६३० जुनी धरून: ३० + ७ + १९ + ४ + २ = ६२, बाकी ६, शुक्रवार. जुळले. तीच तारीख नवी समजून केली तर ६६, बाकी ३, मंगळवार. म्हणजे सरकारी सुट्टीची १९ फेब्रुवारी ही जुन्या पद्धतीची तारीख आहे. नव्या पद्धतीने तो दिवस १ मार्च १६३० येतो.

वाराशिवाय आणखी दोन ताळे इथे मिळतात. एक नक्षत्राचा. फाल्गुनी पौर्णिमेला चंद्र पूर्वा-उत्तरा फाल्गुनीच्या आसपास असतो, रोज साधारण एक नक्षत्र पुढे सरकतो, तेव्हा तृतीयेला हस्त येणे अगदी स्वाभाविक. दुसरा संवत्सराचा. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी म्हणजे प्रभवापासूनचा क्रमांक. १५६३ ला ६० ने भागून बाकी ३: प्रभव, विभव, शुक्ल. वार, नक्षत्र, संवत्सर तिन्ही एकमेकांना धरून आहेत. नोंद लिहिणाऱ्याकडे पंचांगाची टिपणे होती हे अशा नोंदीवरून कळते. आठवणीतून लिहिलेल्या बखरीत तिथी बऱ्याचदा बरोबर असते, वार चुकतो.

रायरी

राज्याभिषेकाबद्दल दर वर्षी विचारणा होते: ज्येष्ठ शुद्ध द्वादशी की त्रयोदशी? ५ जून की ६ जून?

जेधे शकावलीत शके १५९६ आनंद संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध १२ शुक्रवार, तीन घटिका रात्र उरली तेव्हा सिंहासनावर बसले, अशा अर्थाची नोंद आहे. घटिका २४ मिनिटांची. तीन घटिका म्हणजे सूर्योदयापूर्वी ७२ मिनिटे.

आता दिवस कधी बदलतो ते पाहा. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून ती पहाट अजून शुक्रवारचीच. इंग्रजी दिवस मध्यरात्री बदलतो, म्हणून तीच पहाट शनिवार ६ जून १६७४ (जुनी). तिथीचेही तसेच. शुक्रवारी सूर्योदयाला द्वादशी होती म्हणून तो दिवस द्वादशीचा, पण पहाटेपर्यंत त्रयोदशी लागली होती. त्यामुळे द्वादशी लिहिणारा आणि त्रयोदशी लिहिणारा दोघेही एकाच क्षणाबद्दल बोलत आहेत.

हेन्री ऑक्झिंडेन हा इंग्रज वकील त्या वेळी गडावर होता. तो ६ तारखेला सकाळी सात-आठच्या सुमारास दरबारात गेला तेव्हा महाराज सिंहासनावर बसलेले होते. दोन भाषांतले, एकमेकांशी संबंध नसलेले दोन पुरावे एकाच पहाटेवर येऊन थांबतात. दिनविशेषाची नोंद एवढी भक्कम क्वचित मिळते.

त्या दिवसापासून राजशक सुरू झाला. तो चैत्रात बदलत नाही, ज्येष्ठ शुद्ध १३ ला बदलतो. महाराजांचे निधन चैत्र शुद्ध १५ शके १६०२, शनिवार ३ एप्रिल १६८० (जुनी). तेव्हा राजशक ६ चालू होता. चैत्रात बदलतो असे समजून ७ लिहिले की चुकले.

छ जमादिलाखर

पेशवाईतल्या पत्रांवर तिथीपेक्षा ‘छ’ जास्त भेटतो, त्याबद्दल कुणी लिहिले नाही म्हणून लिहितो. ‘छ’ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याची तारीख. पुढे महिना: मोहरम, सफर, रबिलावल, रबिलाखर, जमादिलावल, जमादिलाखर, रजब, साबान, रमजान, सवाल, जिल्काद, जिल्हेज. हा महिना चंद्रकोर दिसल्यापासून सुरू होतो आणि त्याचा दिवस सूर्यास्ताला बदलतो. अमावास्या संपल्यावर कोर दिसायला एक-दोन दिवस जातात, म्हणून छ मध्ये एक किंवा दोन मिळवले की शुद्ध पक्षातली तिथी जवळपास येते. पानिपतचा दिवस छ ६ जमादिलाखर, आणि तिथी पौष शुद्ध ८. दोनचा फरक, अपेक्षेप्रमाणे. तीन-चारचा फरक आला तर वाचनात आकडा चुकला आहे असे समजून मूळ मोडी पुन्हा पाहावी.

वर्ष सुहूर सनात असते आणि अरबी संख्याशब्दांत लिहिलेले असते, आधी एकक, मग दशक, मग शेकडा, मग हजार. इहिदे १, इसन्ने २, सलास ३, आर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९. दशके: अशर १०, अशरीन २०, सलासीन ३०, आर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०. मया १००, मयातैन २००, अलफ १०००. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे १ + ६० + १०० + १०००, सुहूर ११६१.

सुहूर वर्ष मृग लागल्यावर बदलते. तिथून डिसेंबर अखेरपर्यंत ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपत जानेवारीतले: ११६१ + ६०० = १७६१. फसली सन (महसुली वर्ष) सुहूरपेक्षा ९ ने जास्त, म्हणून तिथे ५९० आणि ५९१.

सबा आणि सबैन, सीत आणि सितैन, हे वाचताना फार घोटाळे करतात. शेवटचा ‘ऐन’ मोडीत फाटक्या कडेला गेला की ६० चे ६ होतात. सन आणि छ दोन्ही वाचून, वार काढून, मगच तारीख पक्की करा.

उत्तरायण

पानिपतचा विषय निघालाच आहे तर एक प्रचलित समजूत दुरुस्त करायला हवी. ‘संक्रांतीच्या दिवशी पानिपत झाले’ असे दर १४ जानेवारीला फिरते. युद्ध बुधवार १४ जानेवारी १७६१ चेच, नवी तारीख, त्यात शंका नाही (६१ + १५ + १४ + १ + ४ = ९५, बाकी ४). पण त्या वर्षी संक्रांत १४ ला नव्हती. मकरसंक्रांत निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या, सूर्यावर ठरते. निरयन वर्ष ग्रेगोरियन वर्षापेक्षा थोडे मोठे आहे, त्यामुळे साधारण ७० वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे सरकते. १७६१ मध्ये ती १० जानेवारीच्या सुमारास होती. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो दिवस मकरसंक्रांतीचा होता. सरकण्याचा वेग त्यावरून दिसतो. ‘संक्रांत कोसळली’ हा वाक्प्रचार भावना सांगायला योग्य आहे, दिनविशेषात मात्र ‘मकरसंक्रांतीच्या दिवशी’ हे शब्द नकोत.

नोंदणीवही

संगणकावर रूपांतर करणाऱ्यांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. बहुतेक प्रोग्रामिंग भाषांच्या तारखा नवी पद्धत मागे ताणून चालवतात, १५८२ च्या आधीसुद्धा. त्यात १९ फेब्रुवारी १६३० टाकले तर मंगळवार मिळेल, आणि त्यावर पंचांग काढले तर फाल्गुन शुद्ध अष्टमीच्या आसपासची तिथी. ते पाहून ‘शकावली चुकीची’ असा निष्कर्ष काढलेले लेख आहेत. यंत्राला १ मार्च १६३० द्या, शुक्रवार आणि वद्य तृतीया दोन्ही येतील. एक्सेल १९०० पूर्वीची तारीख ओळखतच नाही, शिवाय १९०० ला लीप वर्ष समजते. जुन्या नोंदींसाठी तारीख मजकूर म्हणून साठवावी आणि दिवस, महिना, वर्ष, पद्धत असे चार वेगळे रकाने ठेवावेत.

तिथीवरून तारीख शोधताना एक तिथी म्हणजे एक दिवस हे गृहीत धरू नये. तिथी म्हणजे चंद्र-सूर्यातले १२ अंशांचे अंतर. ती सुमारे २० तासांपासून जवळजवळ २७ तासांपर्यंत कितीही असू शकते, म्हणून क्षय-वृद्धी होतात, म्हणजे एखादी तिथी गळते किंवा दोन दिवस येते. एक दिवसाचा फरक आला तर वाराने निर्णय करावा. एक महिन्याचा आला तर त्या वर्षी अधिक मास होता का ते आधी पाहावे.

आमेर

एक महिन्याच्या फरकाचे दुसरेही कारण असते. आपले महिने अमावास्येला संपतात, उत्तरेत पौर्णिमेला. शुद्ध पक्ष दोन्हीकडे एकाच महिन्याचा, वद्य पक्षाचे नाव मात्र वेगळे. आग्र्याहून सुटका आपल्याकडे श्रावण वद्य १२ शके १५८८, शुक्रवार १७ ऑगस्ट १६६६ (जुनी). राजस्थानी पत्रांत तो पक्ष भाद्रपद वदी म्हणून येतो, वर्ष विक्रम संवत १७२३. भाद्रपद वाचून सप्टेंबर धरू नये.

घटिका

जगाच्या दिनविशेषांत हाच प्रश्न येतो, थोडक्यात लिहितो. रशियात ३१ जानेवारी १९१८ नंतर थेट १४ फेब्रुवारी आली. म्हणून ‘ऑक्टोबर क्रांती’ २५ ऑक्टोबर १९१७ जुनी आणि ७ नोव्हेंबर नवी. न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२ जुनी, ४ जानेवारी १६४३ नवी. गॅलिलिओ ८ जानेवारी १६४२ ला गेला, ती तारीख नवी. ‘गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला’ हे वाक्य दोन वेगळ्या कॅलेंडरांतून एक-एक तारीख उचलल्याशिवाय जमत नाही. २३ एप्रिल १६१६ चेही तसेच: शेक्सपिअरचा मृत्यू त्या दिवशी जुन्या पद्धतीने, म्हणजे नवी ३ मे. स्पेनमध्ये नवी पद्धत होती आणि सर्व्हांटिस २२ एप्रिलला गेला, २३ ला दफन झाले.

विसाव्या शतकात कॅलेंडर एक झाले तरी घड्याळ एक नाही. चंद्रावर यान उतरले ते २० जुलै १९६९, जागतिक वेळ रात्री ८ वाजून १७ मिनिटे. भारतात तेव्हा २१ जुलैचे पहाटेचे १.४७ झाले होते. जर्मनीची शरणागती पश्चिमेत ८ मे १९४५, मॉस्कोत ९ मे, कारण युद्धविराम ८ तारखेच्या रात्री ११.०१ पासून लागू झाला तेव्हा मॉस्कोत मध्यरात्र उलटली होती. पर्ल हार्बर हवाईत ७ डिसेंबर १९४१, जपानमध्ये ८. अशा नोंदीत घटनास्थळाची स्थानिक तारीख धरावी.

रायरी

मग शिवजन्माची नोंद १ मार्चला हलवायची का? असे करू नये असे ठाम मत आहे. लोकव्यवहारात आणि शासनाच्या यादीत १९ फेब्रुवारी रुजली आहे. शिवाय सतराव्या शतकातल्या मराठेशाहीच्या इंग्रजी तारखा अभ्यासकांनी जुन्या पद्धतीनेच दिल्या आहेत, राज्याभिषेकाची ६ जून आणि निधनाची ३ एप्रिलही तशाच. एकच हलवली तर मालिका तुटेल आणि तुलना बिघडेल.

मोडीवाचक

सहमत, फक्त एका अटीवर. दोन नोंदींमधले दिवस मोजायचे असतील तर दोन्ही एकाच पद्धतीत आणूनच मोजावे. वसईच्या बाबतीत करारावर सही १६ मे आणि किल्ला सोडला २३ मे, दोन्ही नव्या तारखा, अंतर सात दिवस. जुन्याने ५ मे आणि १२ मे, तरीही सात. पण करार ५ मे आणि किल्ला सोडला २३ मे असे मिसळून लिहिले की अठरा दिवस होतात, आणि मग पोर्तुगीज इतके दिवस आत काय करत होते यावर कुणीतरी एक परिच्छेद रचतो.

पहिल्या पोस्टमधली नोंद मी अशी दुरुस्त करतो: वसई किल्ला चिमाजी आप्पांच्या ताब्यात, १२ मे १७३९ (जुनी), २३ मे १७३९ (नवी), तहावर सही त्याआधी सात दिवस.